सेंट्रलच्या भिंतीतली वाट

दारूचे परवाने देणाऱ्या खात्याला आपल्याकडे दारूबंदी खातं म्हणतात. हे मला कळलं तेव्हा मी तिशीत होते आणि वाकोल्याच्या एका म्युनिसिपल शाळेत सातवीला नागरिकशास्त्र शिकवत होते. केंद्र सरकार, राज्य सरकार, स्थानिक स्वराज्य संस्था, असे तीन चौकोन मी दरवर्षी फळ्यावर काढायची आणि मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. त्या चौकोनांच्या मधल्या फटीत देशी दारूचं एक अख्खं दुकान मावतं, हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं.

आमच्या शाळेसमोर रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे भिंत. भिंतीच्या आत विमानाने येणाऱ्याजाणाऱ्या मालाची गोदामं होती. जमीन केंद्र सरकारची, म्हणून वस्तीत सगळे तिला सेंट्रलची भिंत म्हणायचे. गोदामात हमाली करणारी माणसं आमच्याच वस्तीतली, बरीचशी कोकणातली. संपानंतर गिरण्यांची दारं उघडली नाहीत तेव्हा इकडे वळलेली. आत जायचं मोठं फाटक पार दुसऱ्या टोकाला, हायवेच्या अंगाला होतं. तिथून वळसा घालून घरी जेवायला यायचं म्हणजे सगळी सुट्टी चालण्यातच संपायची. म्हणून कधीतरी कुणीतरी भिंतीला खिंडार पाडलं होतं. कुणी पाडलं ते विचारायची पद्धत नव्हती.

त्या खिंडाराचा मात्र एक कायदा होता आणि तो कुठल्याही सरकारच्या कायद्यापेक्षा कडक पाळला जायचा. साहेब दिसला की खिंडार झाकायचं. साहेब कुठलाही असो, पोलिसांचा, म्युनिसिपालिटीचा, अगदी मलेरियाच्या फवारणीचा. नाक्यावरून कुणीतरी शीळ घालायचं, बाजूला टेकवलेला मोठा पत्रा सरकायचा, पत्र्यावर कुणाचं तरी ओलं लुगडं पडायचं आणि पुढ्यात एखादी म्हातारी सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. एकदा आमच्या शाळेच्या तपासणीला साहेब आले, तर त्यांच्यासाठीसुद्धा पत्रा सरकला. त्या बिचाऱ्यांना मुलांचे पाढे ऐकायचे होते.

खिंडाराच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला सुगंधाची खानावळ होती. खानावळ म्हणजे एक झोपडं, दोन चुली आणि बाहेर एक बाकडं. पण दुपारी बांगड्याचं कालवण रटरटायला लागलं की माझ्या वर्गातलं लक्ष उडायचं, आणि खोटं कशाला बोलू, माझंही. सुगंधा मालवणकडची, माझ्यापेक्षा थोडी मोठी, मी तिला वहिनी म्हणायची. तिचा नवरा सहदेव पूर्वी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. नोकरी गेली आणि तो प्यायला लागला. थोडीथोडकी नाही, गटारात सापडण्याइतकी.

पिणाऱ्या माणसाबद्दल मला फारशी दया नव्हती. लहानपणी आमच्या घरी पंचशील म्हणताना पाचवं शील, मद्य न पिण्याचं, आई मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, बाबांना ऐकू जावं म्हणून. बाबांना ते कधीच ऐकू गेलं नाही. त्यामुळे सुगंधाचं काय होणार हे मला दिसतच होतं. ते झालं नाही, आणि त्याचं श्रेय देवाला किंवा नशिबाला द्यायला मी तयार नाही. ते सगळं तिचं.

ती रडली नाही, शपथा घातल्या नाहीत. एका सकाळी तिनं सहदेवच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर कालवणाचा भरलेला टोप ठेवला आणि म्हणाली, "आत हमाल जेवणाची वाट बघतत. जावा." खिंडारातून जायचं तर गुडघे वाकवायचे, मान ताठ ठेवायची. प्यायलेल्या माणसाला ते जमत नाही. पहिल्या दिवशी अर्धं कालवण त्याच्या सदऱ्यावर गेलं आणि आतल्या माणसांनी कोरडा भात खाल्ला. त्यांनी त्याला जे काही ऐकवलं, ते मी वर्गाच्या खिडकीतून ऐकलं, इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सुगंधानं पुन्हा टोप दिला. कमी भरून नाही, काठोकाठ. "वहिनी, नुकसान करून घेताय," मी म्हटलं. ती म्हणाली, "बाई, कालवाण उद्या परत होतला. माणूस होवचो नाय." हळूहळू सांडणं कमी झालं, मग थांबलं. सहदेव दुपारी टोप घेऊन निघाला की त्याची मान अशी सरळ असायची की कवायतीत उभं केलं तर बक्षीस मिळवील.

मग चंद्रप्रकाश शेठनं खोडा घातला. भिंतीच्या आत, खिंडाराला अगदी लागून त्याची कँटीनची शेड होती. दिल्लीच्या खात्याकडून ठेक्यानं घेतलेली. पण सुगंधाचं कालवण आत पोचायला लागल्यावर त्याचा पाणचट रस्सा कोण खाणार? कँटीन बसलं. तेव्हा त्यानं तिथे देशी दारूचं दुकान काढायचं ठरवलं, वरून ना हरकत मिळवली आणि 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' अशी पाटीही रंगवून घेतली. शाळेच्या दारात उभं राहिलं की खिंडारातून ती पाटी दिसायची. माझ्या वर्गातली कच्ची मुलंसुद्धा ती न अडखळता वाचायला लागली.

मी भांडायला निघाले. भांडणाची मला हौस आहे, ते मी लपवत नाही. म्युनिसिपालिटीच्या कचेरीत म्हणाले, "शाळा आमची आहे, पण दुकान सेंट्रलच्या जमिनीवर. आम्हाला तिथे पाऊल टाकता येत नाही." सेंट्रलच्या कचेरीत म्हणाले, "शाळेपासून अंतर ठेवायचे नियम राज्याचे. आमच्या जमिनीवर लागू होतात की नाही, हे दिल्लीला विचारावं लागेल." आणि चंद्रप्रकाश रस्त्यात भेटला की हसून म्हणायचा, "बाई, तुम्ही पोरांना शिकवा ना. कायको टेन्शन घेता?" माझ्या मनात त्याला काय काय शिकवायचं होतं, ते मलाच ठाऊक.

शेवटी दारूबंदी खात्यात गेले. तिथले साहेब भले निघाले. म्हणाले, "बाई, दारू हा राज्याचा विषय. जमीन दिल्लीची असो नाहीतर चंद्रावरची, परवाना आमचाच लागतो आणि नियमही आमचेच."

"शाबास! मग नाही म्हणा त्याला."

"नियमात बसला तर नाही कसा म्हणू? शाळेपासून अंतर मोजतात ते माणसं नेहमी पायी जातात त्या वाटेनं. मध्ये भिंत आहे. फाटकावरून फिरून गेलं तर दुकान कितीतरी लांब पडतं."

"भिंतीला खिंडार आहे. शाळेतून फेकलेला चेंडू दुकानात जातो."

"कागदावर भिंत सलग आहे. दिल्लीवाल्यांनी तसं लिहून दिलंय."

"मग या आणि डोळ्यांनी बघा."

साहेब येतो म्हणाले. पण मी उठताना त्यांनी मला थांबवलं. "एक समजून घ्या. खिंडार मी अहवालात लिहिलं की प्रत सेंट्रलकडे जाते. मग ते खिंडार ठेवणार नाहीत."

हे मला सुचलंच नव्हतं. दुकान घालवायचं तर खिंडार दाखवायचं आणि खिंडार दाखवलं की ते बुजणार. चंद्रप्रकाशचा सगळा डाव त्याच्यावरच उभा होता. गिऱ्हाईक खिंडारातून यायचं आणि खिंडार कागदावर नसायचं. वस्ती स्वतःच्या वाटेवर कुऱ्हाड मारणार नाही, याची त्याला खात्री होती.

मी परत येऊन खानावळीच्या बाकड्यावर सगळं सांगितलं. तिथे नाना होते, गोदामातले सगळ्यात जुने हमाल, वस्तीत त्यांचा शब्द चालायचा. ते हातातला घास ठेवून म्हणाले, "बाई, दारूचा दुकान आज येतला, उद्या जातला. खिंडार गेला तर आमचा जेवाण गेला नि सुगंधाची खानावळ पण गेली. तुमी शाळा बघा." म्हाताऱ्याचं चूक नव्हतंच.

सुगंधा भाकरी थापत होती, तिनं हात थांबवला नाही. बोलला तो सहदेव. आपल्या बायकोसमोर आणि शेजाऱ्यांसमोर हे बोलायला काय लागतं, ते ज्याच्या घरात दारू असते त्यालाच कळेल. तो म्हणाला, "माका कोणी इचारूक नाय, तरी सांगतंय. दुकान ह्या वाटेर झाला तर मी रोज तेच्या दारावरसून जातलंय. आज जातलंय, उद्या जातलंय. एक दिवस थांबतलंय. माका म्हायत आसा." एवढं बोलून तो टोप घासायला गेला. सुगंधानं ती भाकरी तव्यावर टाकली आणि पुढची थापायला घेतली. नानांनी ठेवलेला घास उचलला, पण मत बदललं नाही.

साहेब यायचे त्या दिवशी मी मुलांना चित्रं काढायला लावून शाळेच्या दाराशी उभी राहिले. जीप नाक्यावर वळली. आणि शीळ वाजली.

मी डोक्याला हात लावला. बघता बघता पत्रा सरकला, लुगडं पडलं, सूप आलं, म्हातारी बसली. कुणी ठरवून केलं, कुणी सवयीनं केलं, देव जाणे. बहुतेक सवयीनंच. इतक्या वर्षांत ज्यांनी एकाही साहेबाला खिंडार दिसू दिलं नाही, त्यांनी यालाही दिसू दिलं नाही. वस्ती एवढ्या शिस्तीनं दुसरं कुठलंही काम करत नसे.

साहेब टेप धरलेल्या शिपायासह उतरले. चंद्रप्रकाश आधीच हजर होता. भिंतीकडे हात करून म्हणाला, "बघा साहेब, एकदम सलग."

"त्या पत्र्यामागे आहे खिंडार!" मी ओरडले.

नानांनी आभाळाकडे बघत विचारलं, "खिंडार? खंय गो बाय? आमी तर कधी बघूक नाय." माझ्याच विद्यार्थ्यांच्या आया पदर तोंडाशी धरून उभ्या. मी पत्र्याकडे गेले तर म्हातारी सुपासकट आडवी आली.

साहेब हळूच म्हणाले, "बाई, पत्रा काढून भोक दाखवलंत तरी उपयोग नाही. भोक म्हणजे वाट नव्हे. माणसं रोज जातात, असं जाणाऱ्यानं सांगायला हवं. इथून कोण जातं?"

नाना आभाळाकडेच बघत राहिले. चंद्रप्रकाशनं खिशातून रुमाल काढून घाम पुसला, अगदी सावकाश, जिंकलेल्या माणसासारखा. मला इतका राग आला होता की त्या क्षणी तिन्ही सरकारं हाताशी असती तर तिन्हींना अंगठे धरून उभं केलं असतं.

तेव्हा सुगंधा चुलीपासून उठली. तिनं आधी पत्र्यावरचं लुगडं काढलं. ते तिचंच होतं. ते पिळून, घडी करून तिनं म्हातारीच्या मांडीवर ठेवलं. मग म्हातारीला काखेत हात घालून उठवलं, सूप बाजूला ठेवलं आणि एकटीनं पत्रा ओढला. पत्र्याचा कर्कश आवाज साऱ्या रस्त्यावर गेला. पलीकडे ताटं घेऊन बसलेले हमाल आणि त्यांच्यामागे ती पाटी, सगळं लख्ख दिसायला लागलं.

"मी जातंय," ती साहेबांना म्हणाली. "ह्यो माझो घोव रोज जाता. हे नाना जातत. ही सगळी माणसा माझा जेवाण खातत, ता ह्याच वाटेन जाता. मोजा."

नाना म्हणाले, "सुगंधा, काय करतंस गो!"

तिनं त्यांच्याकडे बघितलं. "नाना, दुसरी वाट माका गावतली. दुसरो माणूस खंयसून हाडू?"

सहदेवनं चुंबळ डोक्यावर ठेवली. सुगंधानं टोप चढवला. तो निघाला, आणि शिपाई शाळेच्या दारापासून टेप सोडत त्याच्या मागे. सहदेव गुडघे वाकवून अलगद आत गेला, शिपायानं मात्र कपाळ आपटून घेतलं. दुकानाच्या दारापर्यंत टेप पुरून उरली.

चंद्रप्रकाश ओरडला, "साहेब, ये तो गैरकानूनी रास्ता है! भिंत फोडलीय यांनी!"

"असेल," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "पण रोजचा आहे. नियमात 'नेहमीची वाट' म्हटलंय." मग कागद मिटून त्यांनी सुगंधाला विचारलं, "खानावळीचं काय करणार?"

"ता मी बघतंय. तुमचा मोजून झाला मा?"

त्या बाईला मी आयुष्यभरासाठी मानलं ते त्या क्षणी. मी पुष्कळ शूर माणसांचे धडे शिकवले आहेत. ते सगळे दुसऱ्याचं काहीतरी घेऊन जिंकलेले. हिनं स्वतःची चूल पणाला लावली आणि पुढचं कालवण ढवळायला बसली.

परवाना नाकारला गेला. पाटी उतरली. वस्तीत त्याचा कुणी गुलाल उधळला नाही. नानांनी सुगंधाशी बोलणं सोडलं. काही बायका पाण्याच्या रांगेत तिला पुढे जाऊ देईनात. मी तिच्या वतीनं दोघीतिघींशी कडाकडा भांडले, तेव्हा तिनंच मला गप्प केलं. "बाई, त्यांचाय जेवाण जातला मा. रागव देत."

आणि मग अहवालाची प्रत पोचली. सेंट्रलची माणसं विटा, सिमेंट आणि दोन गवंडी घेऊन आली. गवंडी कुठल्यातरी लांबच्या वस्तीतले, त्यांना आमचं काही माहीत नव्हतं. सकाळपासून त्यांनी पाया साफ केला आणि थर चढवायला लागले. जेवणाची वेळ झाली तर सुगंधानं त्यांनाच आधी पानं वाढली. मी म्हटलं, "वहिनी, अहो, तुमचीच वाट बुजवायला आलेत ते!" ती म्हणाली, "उपाशी माणूस काय वाट बुजवता? भिंत वाकडी बांधतलो." आणि त्यांना आणखी भात घातला.

पलीकडे हमाल येऊन उभे राहिले होते. भिंत कमरेइतकी होती तेव्हा तिनं टोप वरूनच दिला. छातीपर्यंत आली तेव्हा ताटं दिली. गवंड्यांना आता सगळं समजलं होतं. ते वीट लावायचे, थांबायचे, ती काहीतरी द्यायची, मग पुढची वीट. शेवटी वर एवढीशी जागा राहिली की नुसती भाकरी जाईल. पलीकडून एक सुरकुतलेला हात आला. तो नानांचा होता. सुगंधानं दोन भाकऱ्या दुमडून त्या हातात दिल्या. हात क्षणभर तसाच राहिला, मग आत गेला.

थोरल्या गवंड्यानं शेवटची वीट हातात धरली. "काकी, अजून काही द्यायचंय?"

"नाय," सुगंधा म्हणाली. "लाव."

वीट बसली. तिनं पदरानं तोंड पुसलं. टोपात अजून कालवण होतं. निम्मी माणसं जेवायची राहिली होती. आता हे कालवण कोण खाणार, उद्याचं कुणासाठी करायचं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

सहदेवनं वाकून टोप उचलला आणि चुंबळ नीट केली.

"खंय?" तिनं विचारलं.

"फाटकावरसून जातंय."

"अवो, लांब आसा ता. ऊन बघलास?"

"आसां दे. त्या वाटेर थांबाक काय नाय," तो म्हणाला आणि चालायला लागला.

हायवेच्या दिशेनं, फुफाट्यातून, टोप डोक्यावर घेऊन तो जाताना दिसत होता. एवढ्यात नव्या ओल्या विटांच्या पलीकडून नाना ओरडले, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं.

"सुगंधा! तेका सांग, बेगीन जाव नको, दमतलो. आमी फाटकावर येतंव!"

सुगंधा इतके दिवस रडली नव्हती. ती त्या भिंतीला कपाळ टेकून रडली, आणि मी शाळा सुटल्याची घंटा झाली तरी तिच्याजवळून उठले नाही.